बी.कॉम.च्या वर्गात मार्केटिंग शिकवताना मुलांकडून काय करून घेता?

तास_तिसरा

नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी कॉमर्स शिकवतो, यंदा दुसऱ्या वर्षाचा मार्केटिंगचा पेपर माझ्या वाट्याला आलाय. पटावर ऐंशीच्या वर मुलं, समोर बसतात त्यातली निम्मी. मार्केटिंगचे चार 'पी', म्हणजे प्रॉडक्ट (माल), प्राइस (किंमत), प्लेस (माल मिळायची जागा), प्रमोशन (जाहिरात), झोपेतून उठवून विचारलं तरी म्हणून दाखवतील. पण परवा विचारलं की एसटी स्टँडसमोर चहाच्या दोन गाड्या शेजारी शेजारी आहेत, एकीवर गर्दी आणि दुसरीवर माश्या, असं का? सगळा वर्ग गप्प. शेवटी एकजण म्हणाला, "नशीब सर."

लायब्ररीत केस स्टडीची पुस्तकं आहेत पण ती पंधरा-पंधरा पानी, इंग्रजी, आणि त्यात स्टारबक्सने चीनमध्ये काय केलं वगैरे. आमच्या पोरांनी स्टारबक्स आतून बघितलेलं नाही आणि त्यावाचून त्यांचं काही अडलेलंही नाही.

तर शिकवणाऱ्यांनी, शिकलेल्यांनी आणि धंदा करणाऱ्यांनी सांगा, वर्गात करून घेण्यासारखं काय आहे? आपल्याकडच्या कुठल्या केस चालतात? प्रोजेक्टर बंद आहे असं धरूनच चला. आणि एक आधीच सांगतो, "हे पेन मला विकून दाखव" हा प्रकार सुचवू नका, त्यात फक्त बडबड्या पोरांचं फावतं.

कळलाव्या

पेन नको तर प्रोजेक्टर विकून दाखवा म्हणावं. बंद माल विकणं हेच खरं मार्केटिंग. (हलकेच घ्या.)

माजी_एमआर

तास तिसरा सर, पेनवर एवढा राग नको. मी विदर्भात बरीच वर्षं औषध कंपनीची बॅग घेऊन फिरलोय आणि नंतर नव्या पोरांना ट्रेनिंग पण दिलं, त्यात पेन होतंच, फक्त नियम वेगळा. पहिली पाच मिनिटं विकणाऱ्याने एकही विधान करायचं नाही, फक्त प्रश्न. रोज काय लिहिता, शेवटचं पेन कधी घेतलं, कुठून घेतलं, कोणी दिलं. जो पोरगा पाच मिनिटांनी म्हणाला की साहेब तुम्हाला नव्या पेनाची गरजच दिसत नाही, त्याला मी सगळ्यात जास्त मार्क दिले. बडबडे त्याच खेळात सगळ्यात आधी गळतात.

तास_तिसरा

हा नियम चांगला आहे, हे मान्य. पण तरी ती झाली विक्री. गिऱ्हाईक समोर यायच्या आधी जे सगळं घडतं ते कसं दाखवायचं ही माझी अडचण आहे.

मधली_सुट्टी

मी पुण्यात एमबीएला शिकवते, त्याआधी बी.कॉम.लाच होते, त्यामुळे तुमचं दुखणं कळतंय. माझी पद्धत सांगते. केस छापून द्यायचीच नाही. तोंडी सांगायची, आणि अर्धीच सांगायची. निर्णयाच्या जागेवर आलं की थांबायचं, आता तुम्ही मालक, काय कराल ते चिठ्ठीवर एका ओळीत लिहा, खाली नाव, चिठ्ठ्या माझ्याकडे. मग पुढची गोष्ट. नाव लिहिलं की पोरं विचार करतात आणि नंतर "मला हेच म्हणायचं होतं" करता येत नाही.

सगळ्यात चालणारी केस म्हणजे चिक शॅम्पू. तामिळनाडूतल्या कडलूरचे चिन्नी कृष्णन, शॅम्पू पुडीत भरून विकायची कल्पना त्यांची. त्यांचा मुलगा सी. के. रंगनाथन घरच्या धंद्यातून बाहेर पडला आणि १९८३ मध्ये त्याने स्वतःचा चिक काढला. समोर मोठ्या कंपन्या, याच्याकडे जाहिरातीला पैसा नाही. इथे थांबायचं. चिठ्ठ्यांवर येतं "किंमत कमी करा", "हिरॉइन घ्या" (कुठल्या पैशाने ते कोणी लिहीत नाही). मग सांगायचं की त्याने योजना काढली, कुठल्याही कंपनीच्या पाच रिकाम्या पुड्या आणून द्या, चिकची एक पुडी फुकट घ्या. वर्ग हसतो, दुसऱ्याचा कचरा गोळा करून काय करणार? पुन्हा थांबायचं, पुन्हा चिठ्ठी, पुढची चाल काय? आणि मग सांगायचं की काही काळाने नियम बदलला, आता फक्त चिकच्याच रिकाम्या पुड्या चालतील. मागच्या बाकावरून कोणीतरी "आयला" म्हणतं तिथे तो तास वसूल.

दुसरी निरमा, पण ती उलट्या बाजूने सांगायची. १९६९, अहमदाबाद, निरमावाल्या करसनभाईंची सायकलवरून पावडर विकायची गोष्ट सगळ्यांना ऐकून माहिती असते. मी वर्गाला हिंदुस्तान लिव्हरच्या खुर्चीत बसवते. तुमच्या सर्फच्या किमतीच्या साधारण पाव किमतीत हा माणूस पावडर विकतोय आणि बायका घेतायत. किंमत उतरवाल? उतरवलीत तर इतकी वर्षं जास्त घेत होतात असा अर्थ निघतो. नाही उतरवलीत तर गिऱ्हाईक चाललं. यावर मी अख्खा तास भांडणं लावलेली आहेत. मग सर्फच्या जाहिरातीतली ललिताजी, म्हणजे किंमत तीच ठेवून हिशेब गिऱ्हाइकाच्या डोक्यात उलटा करणं, आणि मग ऐंशीच्या दशकाच्या शेवटी स्वस्तातली व्हील पावडर, म्हणजे खालच्या बाजारात वेगळ्या नावाने उतरणं. दोन्ही उत्तरं एकाच कंपनीने दिली हे पोरांना पटायला वेळ लागतो, त्यांना एकच बरोबर उत्तर हवं असतं.

फडताळ

वाचनखूण साठवली. पुड्यांची केस उद्याच वापरणार.

सेकंड_इयर

मी स्वतः बीबीएला आहे, आमची पण बाजू ऐका. सर लोक अॅक्टिव्हिटी म्हणजे चार्ट पेपर समजतात. प्लीज चार्ट पेपर नको. आणि सहा जणांचा ग्रुप करू नका, त्यात काम एकटी मुलगी करते, नेटवरून माहिती दुसरा आणतो, स्लाइड तिसरा वाचतो आणि बाकीचे तिघं फोटोत असतात. आम्हाला गेल्या वर्षी "रिअल लाइफ सेलिंग" म्हणून डायऱ्या विकायला दिल्या होत्या, माझ्या सगळ्या डायऱ्या मावशीने घेतल्या. मला त्यातून कळलं की मावशी चांगली आहे.

कळलाव्या

मावशी हेच टार्गेट सेगमेंट, म्हणजे नेमकं हेरलेलं गिऱ्हाईक. पुढच्या सेमिस्टरला आत्या.

माजी_एमआर

हसण्यावारी नेऊ नका, हे मला गंभीर वाटतं. नातेवाइकांना माल विकायला लावणं ही सवय लागली की उद्या हीच पोरं साखळी योजनांच्या मीटिंगला जाऊन बसतात. कॉलेजने तर हे शिकवू नयेच. विकायचंच असेल तर अट घाला, ओळखीच्या माणसाला विकलं तर शून्य मार्क.

गल्ल्यावरचा

मास्तर लोकांनो माझं पण ऐका, मी कराडच्या बाजूला किराणा दुकान चालवतो, वडिलांपासूनचं आहे. दरवर्षी प्रोजेक्टचे दिवस आले की पोरांचे घोळके येतात, हातात छापील प्रश्नावली, वेळ संध्याकाळी सातची, म्हणजे गल्ल्यावर मला मान वर करायला फुरसत नसते तेव्हा. आणि विचारतात, "काका तुमचं टार्गेट सेगमेंट काय?" मी म्हणलं जो पायरी चढेल तो. एकीने ते लिहून पण घेतलं.

खरंच शिकायचं असेल तर असं करा. दोनच पोरं पाठवा, दुपारी तीनला, प्रश्नावली घरी ठेवून. गल्ल्याच्या आतल्या बाजूला बसा आणि फक्त बघा. गिऱ्हाईक वस्तू काय म्हणून मागतंय ते लिहा. कोण कंपनीचं नाव घेऊन मागतंय, कोण नुसतं "दहाची चहा पावडर द्या", "पाचचा बिस्किट पुडा द्या" म्हणतंय. "दहाची" म्हणणाऱ्याला कुठली द्यायची ते मी ठरवतो, आणि मी कशावरून ठरवतो? ज्याच्यावर मार्जिन जास्त, ज्याची स्कीम चालू, ज्याचा सेल्समन खराब माल वेळेवर बदलून देतो. कोट्यवधीची जाहिरात तिकडे, आणि शेवटचा निर्णय इकडे माझ्या हाताने होतो. तुमचं ते प्लेस की काय, ते इथं बसतं.

अजून एक, दारात पुड्यांच्या माळा लटकलेल्या असतात त्यातली कुठली डोळ्यासमोर आणि कुठली मागे हे काय उगाच नसतं. सेल्समन आला की आधी त्याची माळ पुढे करून जातो, दुसऱ्या कंपनीचा आला की तो आपली पुढे करतो. पोरांना दोन दिवस लागोपाठ फोटो काढायला लावा आणि कुठली माळ सरकली ते विचारा.

तास_तिसरा

काका, या एका प्रतिसादासाठी धागा काढला असं समजतो.

अंदाजपंचे

गल्ल्यावरचे काकांना +१. त्याला जोडून बिनपैशाची एक कृती. प्रत्येकाने घरून रिकामी वेष्टनं आणायची, बिस्किट, साबण, शॅम्पू, चहा, जे असेल ते. २०२२ पासून बऱ्याच पाकिटांवर युनिट सेल प्राइस छापलेली असते, म्हणजे ग्रॅमला किंवा मिलिलिटरला किती. नसेल तर भागाकार करायला लावा, कॉमर्सचीच पोरं आहेत. मग एकाच ब्रँडची छोटी पुडी आणि मोठी बाटली समोरासमोर ठेवा. सगळे म्हणणार मोठं घेतलं की स्वस्त पडतं. शॅम्पूत बऱ्याचदा उलटं निघतं, एक-दोन रुपयांची पुडी मिलिलिटरला बाटलीपेक्षा स्वस्त. का? आणि तरी बाटली घेणारे का घेतात? यावर पोरांना भांडू द्या, तुम्ही लगेच उत्तर देऊ नका.

पाच रुपयांच्या बिस्किटाचंही तेच. किंमत हलत नाही, वजन हलतं. कंपनीचा मैदा-साखरेचा खर्च वाढला तर पाचचे सहा का करत नाहीत? काकांनी वर उत्तर दिलंयच, गिऱ्हाईक "पाचचा पुडा" मागतंय.

गल्ल्यावरचा

आणि सहा केले तर सुटे कुठून आणू ते पण सांगा.

परदेशी_पाव

आमच्या इथे (न्यू जर्सी) एका वर्कशॉपमध्ये स्टॅनफर्डच्या टीना सीलिग बाईंचा प्रयोग करून घेतला होता. मूळ प्रयोग असा की प्रत्येक टीमला पाकिटात पाच डॉलर, पाकीट उघडलं की दोन तास, जास्तीत जास्त पैसे कमवा, आणि नंतर वर्गासमोर तीन मिनिटं सांगा काय केलं. ज्यांनी पाच डॉलरचं सामान आणून काहीतरी विकलं ते मागे राहिले. ज्यांनी ते पैसे बाजूला ठेवून लोकांची अडचण शोधली त्यांनी जास्त मिळवले. आणि सगळ्यात पुढे गेलेल्या टीमने स्वतःची ती तीन मिनिटंच विकली, स्टॅनफर्डची मुलं नोकरीला हवी असलेल्या एका कंपनीला, वर्गासमोर कंपनीची जाहिरात दाखवायला! आपल्याकडे शंभर रुपये देऊन करता येईल.

मधली_सुट्टी

परदेशी पाव, करून बघितलाय. शंभर रुपये दिले की आपल्याकडची प्रत्येक टीम भेळेचा स्टॉल लावते. म्हणून मी अट घालते, खायचा पदार्थ नाही आणि (माजी एमआर यांच्याशी सहमत) नातेवाईक नाही. मग खरी डोकी चालतात. एका टीमने परीक्षा फॉर्मच्या शेवटच्या दिवशी झेरॉक्सच्या रांगेत उभं राहून नंबर लावून द्यायचे पैसे घेतले. आता ही सेवा की दलाली यावर वर्गात तुंबळ झाली, ती ठरवून घडवता आली नसती.

नॅनोवाला

सगळ्या मार्केटिंगच्या प्राध्यापकांची लाडकी केस अजून कशी आली नाही म्हणून मीच आणतो, कारण मी ती गाडी चालवतो. टाटा नॅनो. वर्गात शिकवतात की "सगळ्यात स्वस्त गाडी" म्हणून विकली म्हणून आपटली, पोझिशनिंग (गिऱ्हाइकाच्या मनात मालाची जागा) चुकलं, विषय संपला. इतकं सोपं नाहीये हो ते.

मधली_सुट्टी

पण स्वतः रतन टाटाच नंतर म्हणाले होते की स्वस्त हा शिक्का बसायला नको होता, आणि कंपनीनेही ती तशीच विकली. दुचाकीवरून चौघं जाणाऱ्या कुटुंबाला सुरक्षित वाहन हा मूळ विचार होता. स्वस्त गाडी दारात उभी करून शेजाऱ्याला काय दाखवायचं?

नॅनोवाला

ताई, मान्य, पण क्रम बघा. जानेवारी २००८ ला दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत गाडी दाखवली, त्याच वर्षी बंगालमधल्या सिंगूरचा ठरलेला कारखाना सोडावा लागला, गुजरातेतल्या साणंदचा कारखाना सुरू व्हायला २०१० उजाडलं. मधे सुरुवातीच्या गाड्या थोड्या थोड्या, त्याही सोडत काढून. ज्याला गाडी हवी होती त्याने तोवर जुनी मारुती घेतली. मग काही गाड्यांना आगी लागल्याच्या बातम्या. साणंदची ताकद वर्षाला अडीच लाख गाड्यांची आणि विक्री त्याच्या आसपासही गेली नाही. यातलं किती प्रमोशन, किती प्लेस, किती प्रॉडक्ट? एका शब्दावर सगळं ढकलणं म्हणजे परीक्षेपुरतं उत्तर.

जाता जाता, या गाडीला पेठेत पार्किंग मिळतं. एवढंच बोलतो.

अंदाजपंचे

माझ्या मते नॅनोची केस अशीच शिकवावी. वर्गाला चार कारणं द्या आणि प्रत्येकाला शंभरपैकी वाटून मार्क द्यायला लावा, कुठल्या कारणाचा वाटा किती. बेरीज शंभर यायलाच हवी. अपयशी केसमध्ये कारण आधीच ठरवून गोष्ट सांगायची खोड फार आहे, ती इथे मोडते.

कळलाव्या

पन्नास प्रतिसाद व्हायच्या आत चितळे आले नाहीत, धाग्याची तब्येत बरी आहे ना?

पेठेतला_बाहेर

आणतो की. एक ते चार दुकान बंद, हे जगातलं एकमेव ब्रँडिंग जे न केल्यामुळे झालं.

मधली_सुट्टी

हसा, पण मी ते खरंच वर्गात घेते. २०१७ मध्ये चितळे बंधूंनी दुपारी दुकान उघडं ठेवायचं ठरवलं तेव्हा त्याची बातमी झाली. दुकान दुपारी उघडं असतं याची बातमी होते, असं दुसरं दुकान सांगा! प्रश्न एवढाच विचारायचा: बंद ठेवण्याने धंदा वाढला होता, की बाकरवडी चांगली होती म्हणून लोकांनी बंद ठेवणं चालवून घेतलं? निम्मा वर्ग म्हणतो दुपारी बंद ठेवल्याने ब्रँड मोठा होतो. त्यांना सांगते, उद्या तुमचं नवं दुकान काढा आणि दुपारी बंद ठेवून बघा.

फडताळ

नागपूरकर म्हणून विकोची आठवण. त्यांची हळदीची क्रीम सौंदर्यप्रसाधन की आयुर्वेदिक औषध यावर एक्साइज खात्याशी वाद, तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि विको जिंकली. प्रसाधन ठरलं असतं तर जास्त कर. म्हणजे जिंगलमध्ये जे गाऊन सांगितलं ते कोर्टातही तसंच मांडलं. पोझिशनिंग म्हणजे नुसती जाहिरातीतली वाक्यं असं वाटणाऱ्या पोरांना हे सांगाच.

सेकंड_इयर

आम्हाला कोला ओळखायची टेस्ट घेतली होती डोळे बांधून, ती मजा आली होती. पण सरांनी शेवटी काय निष्कर्ष काढला ते कळलं नाही.

अंदाजपंचे

कारण बहुतेक ठिकाणी ती चुकीची घेतात. डोळे बांधायची गरज नाही. तीन एकसारखे कागदी कप, दोनात एक पेय, तिसऱ्यात दुसरं, खूण कपाच्या बुडाला. वेगळा कप कुठला तेवढंच सांगायचं. दोन्ही बाटल्या सारख्याच गार हव्यात, कपांचा क्रम प्रत्येकाला बदलून द्या, मधे पाणी. आता गंमत अशी की नुसत्या अंदाजाने तिघांत एकाचं बरोबर येतं. चाळीस मुलं असतील तर तेरा-चौदा जण काही न कळता बरोबर ठरणार. १९ किंवा जास्त बरोबर आले तरच फरक खरंच कळतोय म्हणायचं. आधी हात वर करून विचारा, "मला ओळखता येतं" असं किती जणांना वाटतं, आणि तो आकडा फळ्यावर लिहून ठेवा.

आणि त्यानंतर न्यू कोक सांगा. १९८५, कोका-कोलाने जवळपास दोन लाख लोकांना चव देऊन बघितली, नवी चव जास्त आवडली, म्हणून जुनी बंद केली. लोक इतके खवळले की तीन महिन्यांच्या आत जुनी परत आणावी लागली. चाचणीत चव विचारली होती, "जुनी बंद केली तर चालेल का" याला वजनच दिलं नाही.

पेठेतला_बाहेर

थम्सअप मी झोपेत ओळखेन. चॅलेंज.

अंदाजपंचे

थम्सअप बहुतेकांना ओळखता येतं म्हणून ते वापरू नका, दोन बाकीचे कोला घ्या. थम्सअपची केस वेगळी आहे: १९७७ मध्ये कोक देशाबाहेर गेल्यावर पार्लेच्या चौहानांनी आणलं, १९९३ मध्ये परत आलेल्या कोकनेच ते विकत घेतलं. आता कोकचा मॅनेजर होऊन सांगा, घरातला हा दुसरा कोला मारायचा की वाढवायचा?

आंबोशी

तुम्ही सगळे साबण आणि कोल्यावरच. आम्ही देवगडचे, आमचीही केस घ्या. हापूसला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, तरी शहरात देवगड लिहिलेल्या पेटीत कर्नाटकचा आंबा निघतो आणि गिऱ्हाईक खाऊन खूशही होतं. वर्गाला बागायतदार करा. पेटी वाशीला दलालाकडे पाठवली तर कटकट नाही पण पट्टी (दलालाचा विक्रीचा हिशेब) येईल ती मुकाट घ्यायची, हमाली-कमिशन कापून. थेट पुण्या-मुंबईच्या घरी पाठवली तर दर चांगला, पण पार्सल, फोन, "चार आंबे डागी निघाले" म्हणून फोटो, बदली माल, सगळं आपल्या डोक्यावर. त्यात मार्चमधला दर आणि मे अखेरचा दर यात जमीन अस्मान. आता आमच्याकडे फळावर नंबरचे स्टिकर आलेत, नंबर पाठवून आंबा कुठला ते तपासायचं. किती जण तपासतील? स्टिकरचा खर्च कोणी सोसायचा? उत्तर मिळालं तर कळवा, आम्हालाही हवंय.

तास_तिसरा

मंडळी, मनापासून आभार. ठरवलंय ते असं: चार्ट पेपर बंद. पहिल्या आठवड्यात वेष्टनं आणि भागाकार, मग चिक आणि निरमा अर्ध्या अर्ध्या, चिठ्ठ्यांसकट. मधे कपांची चाचणी, पेयाचे पैसे मी घालतो. दुकानात बसणं जोडीजोडीने, दुपारी. सहामाहीनंतर हापूस, मार्चमध्ये, म्हणजे दर खरे मिळतील.

चहाच्या गाड्यांवर आज पुन्हा विचारलं. चिठ्ठ्या घेतल्या. एका मुलीने लिहिलं की गर्दीवाल्याच्या गाडीवरून एसटीचा फलाट दिसतो, म्हणजे गाडी लागली की कप ठेवून पळता येतं, दुसऱ्याच्या गाडीसमोर झेरॉक्सची टपरी आडवी येते. मी रोज तिथे चहा पितो.

एक प्रश्न राहिला, याला मार्क कसे द्यायचे? वर अंतर्गत मूल्यमापनाचा तक्ता भरून मागतात, त्यात "बघत बसला" असा रकाना नाही.

मधली_सुट्टी

क्षेत्रभेट अहवाल म्हणून लावा. एक पान, हाताने लिहिलेलं, आणि त्यात दुकानदाराचं एक तरी वाक्य जसंच्या तसं हवं अशी अट घाला. नेटवरून उतरवता येत नाही.

गल्ल्यावरचा

जवळ असाल तर माझ्याकडे पाठवा दोन पोरं. सोमवार नको, सोमवारी होलसेलची गाडी असते. आणि उधारीची वही बघायला मागू नका म्हणावं, ते मार्केटिंग नाही.

माजी_एमआर

तीच तर खरी मार्केटिंग आहे काका! उधारीवर वेगळा धागा काढा, मी येतो.